खालच्यांची तक्रार

"तुमच्याकडं खालच्यांची तक्रार येते का?" स्पीकरच्या दुकानाच्या मालकांनी विचारलं, आणि मी जरासुद्धा न अडखळता "आली होती एकदा" म्हणालो. ते मान डोलावून पुढच्या पेटीकडं वळले आणि मी होतो तिथंच उभा राहिलो. कारण तक्रार कधी आलीच नव्हती. आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या भानुमतीकाकूंनी आजवर कशाचीच तक्रार केलेली नाही, नळाला आठवड्यानं पाणी आलं तरी नाही. ती तक्रार मी केली होती, त्यांच्या नावानं, माझ्याच वडिलांकडं, दोन वर्षांपूर्वी. आणि इतके दिवस ती मी अशी जपून ठेवली होती की आज एका परक्या माणसासमोर ती खऱ्यासारखी बाहेर पडली. क्षणभर तर मला काकूंचा रागही आला. एवढ्या शिकलेल्या बाई, आणि जरा आवाज सहन होत नाही, असं काहीतरी मनात येऊन गेलं. मग माझं मलाच कळलं की मी काय करतोय, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

उस्मानपुऱ्यातलं हे दुकान बाहेरून बेताचंच आहे. पुढं रिमोट आणि केबलची भेंडोळी टांगलेली, मागं एक बंद खोली, भिंतींना जाड स्पंज, मधोमध जुना सोफा. मालकांचं नाव बुद्धभूषण. पूर्वी ते मंडळांना मोठाले बॉक्स भाड्यानं द्यायचे. आता छाती थकली म्हणून घरगुती कामं करतात, असं त्यांनीच सांगितलं. "साहेब, लोक आल्या आल्या इंच विचारतात. दहा घेऊ का बारा घेऊ. मी आधी भिंत विचारतो, मजला विचारतो, अन् खाली कोण राहतं ते विचारतो. बारा इंची सबवूफर हौसेनं नेतात अन् आठ दिवसांत तोंड पाडून परत आणतात. क्या फायदा?" सबवूफर म्हणजे नुसता खालचा, घुमणारा आवाज काढणारी पेटी; त्यांनी तशा दोन शेजारी शेजारी ठेवल्या. एकीला मागं तळहाताएवढं भोक होतं, दुसरी चारी बाजूंनी बंद. "ही भोकाची. हिची धमक लई, सिनेमावाल्यांना हीच लागती. ही बंद पेटी. कमी बोलती पण नेमकं बोलती, अन् बोलून झालं की गप बसती. खाली तक्रारवाले असतील तर बंदच न्या. ऐकणार काय तुम्ही?" मी म्हणालो, "कीर्तन, भजन. वडिलांसाठी घेतोय." हे दुसरं खोटं.

वडिलांसाठी वगैरे काही नव्हतं. दोन महिने मी जेवणाच्या सुट्टीत सबवूफरवरच्या चर्चा वाचत होतो, बंद पेटी का भोकाची, कोपऱ्यात का भिंतीला, आणि मला तो हवा होता इतकंच. सिनेमात विमान उडालं की सोफा हलावा असं मला वाटत होतं. पण सोनियाला, माझ्या बायकोला, हे कसं सांगायचं? म्हणून एक दिवस म्हणालो, आप्पा दिवसभर टीव्हीवर कीर्तन बघतात, त्यांना मृदंग नीट ऐकू येत नाही, एक सबवूफर घेऊ. ती लगेच हो म्हणाली. माझ्या तोंडून माझं नाव येत नाही, हा माझा जुनाच आजार आहे. लहानपणी मला शिरा खावासा वाटला की मी आईला सांगायचो, "आप्पांना शिरा पायजे." आई, सरूबाई, चुलीवर कढई ठेवायची. आप्पा शेतातून घामाघूम होऊन यायचे, समोर शिऱ्याची ताटली बघायचे, माझ्याकडं बघायचे. "तुम्हीच म्हणला व्हता ना?" आई विचारायची. "व्हय, म्हणलो व्हतो मीच," असं म्हणून ते दोन घास खायचे आणि ताटली माझ्याकडं सरकवायचे. त्यांना गोड आवडत नाही हे मला मी नोकरीला लागल्यावर कळलं. तोवर त्यांनी माझ्यासाठी किती शिरा गिळला असेल कोण जाणे.

बुद्धभूषण यांनी मला सोफ्यावर बसवलं आणि डोळे मिटायला सांगितले. "आता सांगा, पेटी कुठं आहे?" मी डावीकडं बोट केलं. ती उजवीकडं होती. ते खूश झाले. "नाही सांगता येत. वरचा आवाज कुठून येतो ते कळतं, खालचा आवाज कुठून येतो ते कळत नाही. कळलं तर समजायचं काहीतरी बिघडलंय." मग त्यांनी एक भजन लावलं. पखवाजाच्या डाव्या हाताचा पहिला ठोका पडला आणि तो बरोबर माझ्या बरगड्यांच्या खाली, जिथं भूक लागते तिथं, येऊन बसला. "लागलं का?" त्यांनी विचारलं. लागलं. हा शब्द आप्पांचा. देवगाव रंगारीला आमच्या ओट्यावर भजनी मंडळ बसायचं, आप्पा पखवाजावर आणि त्यांचा मित्र कडुबा बाजाच्या पेटीवर. "उजवं कानाला ऐकू येतं, डावं अंगाला लागतं," आप्पा सांगायचे. आणि ते डावं लागावं म्हणून त्या बाजूच्या पुडीवर, म्हणजे कातड्यावर, ओली कणीक थापावी लागते, नाहीतर पखवाज नुसता टकटक करतो. लिंबाएवढा गोळा, सैल नाही की घट्ट नाही. तो थापायचा, एक थाप मारून ऐकायचं, चिमूटभर काढायचा, परत ऐकायचं. वाजवून झालं की कणीक खरवडून गाईला घालायची. आई गेल्यावर आम्ही आप्पांना गारखेड्याच्या फ्लॅटमध्ये आणलं, तेव्हा कपड्यांची एक पिशवी आणि पखवाज एवढंच त्यांचं सामान होतं. रोज चारच्या सुमाराला ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे. "पोरी, लिंबाएवढी कणीक दे." सोनिया संध्याकाळच्या पोळ्यांची कणीक त्यांच्यापायी चारलाच मळायला लागली. हॉलच्या कोपऱ्यात, बाल्कनीच्या दाराशी, पोतं अंथरून ते अर्धा तास वाजवायचे आणि मग कागदात कणीक घेऊन चौकातल्या गाईकडं जायचे. त्या अर्ध्या तासात त्यांचं वय दिसत नव्हतं.

आणि मी काय केलं? मी घरून काम करतो, वाळूजच्या कंपनीसाठी यंत्रांची ड्रॉइंग काढतो, आणि साडेतीन ते साडेपाच रोज पुण्याच्या लोकांबरोबर मीटिंग असते. एक दिवस माझा माइक चालू राहिला. "ऋतुराज, घरी लग्न काढलंस का रे?" कुणीतरी विचारलं आणि स्क्रीनवरचे सगळे चौकोन हसले. हिमांशू, माझा वरिष्ठ, म्हणाला, "गावाकडं गेलायस वाटतं." त्यात तसं काही वाईट नव्हतं. "वडील वाजवतात" एवढंच म्हणायचं होतं. कदाचित त्यांनी "ऐकू दे की" म्हटलं असतं. पण मीही हसलो आणि म्हणालो, "शेजारी आहेत हो. रोजचंच आहे. काय बोलणार?" दाराच्या पलीकडं माझा बाप बसला होता आणि मी त्याला शेजारी करून टाकलं. दुसऱ्या दिवशी चारला पाच मिनिटं कमी असताना मी मीटिंगमधून उठून बाहेर आलो. आप्पांच्या तळहातावर कणकेचा गोळा होता, अंगठ्यानं ते तो मऊ करत होते. "आप्पा, मला कामात अडचण होते," एवढं वाक्य होतं. ते ऐकून त्यांनी पखवाज तिथल्या तिथं झाकला असता, किंवा म्हणाले असते, मग सहाला वाजवतो. दोन्ही चाललं असतं. पण माझ्या तोंडून निघालं, "आप्पा, खालच्या काकूंची तक्रार आलीय." ते थबकले. "काय म्हणल्या?" "डोकं दुखतं म्हणाल्या." "कधीधरनं?" इथं मी थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "सुरुवातीपासूनच असेल. संकोचानं बोलल्या नाहीत." हे मला कुणी विचारलं नव्हतं. हे मी पदरचं घातलं, आणि या एका वाक्यानं त्यांचे आधीचे सगळे चार वाजताचे अर्धे तास नासवून टाकले. आप्पांनी हातातल्या गोळ्याकडं बघितलं, स्वयंपाकघरात गेले आणि तो परातीत परत ठेवला. "पोरी, हे पोळीत घाल," ते म्हणाले. संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो. त्या गोळ्याची पोळी कुणाच्या तरी ताटात आलीच असणार, आणि मला सारखं वाटत होतं की ती माझ्याच ताटात आहे. भूक नाही म्हणून मी उठलो.

पखवाज थांबला, तिथं मिटलं असतं तर मी एव्हाना विसरूनही गेलो असतो. माणूस विसरतो. पण आप्पांनी ती तक्रार मनावर घेतली. आधी त्यांनी खुर्चीच्या पायांना चिंध्या बांधल्या. मग काठीच्या टोकाला आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली, की फरशीवर वाजू नये. घरात चप्पल घालणं सोडलं. मिक्सर लावला की सोनियाला म्हणायचे, "पोरी, खाली टावेल घाल." टीव्हीचा आवाज त्यांनी सहावर नेऊन ठेवला, त्यात त्यांना काही ऐकू येत नाही; मृदंगवाल्याचे हात बघतात आणि त्यांचा डावा हात शेजारच्या उशीवर पडत राहतो, आवाज न करता. दोनेक महिन्यांनी कडुबा गावाहून आला आणि पखवाज घेऊन गेला. "वाजवणाऱ्याच्या घरी राह्यलेला बरा," आप्पा त्याला म्हणाले, "इथं खालच्या बाईचं डोकं दुखतं. एकट्या असत्यात बिचाऱ्या." राग नाही, काही नाही. नुसती शरम. आधी गावाकडून सीताफळं आली की पहिली चार काकूंकडं जायची, त्यांच्याकडून लिंबाचं लोणचं यायचं, जिन्यात दोघांच्या पावसापाण्याच्या गप्पा व्हायच्या. आता काकू फाटकाशी दिसल्या की आप्पा लिंबाच्या झाडाखाली थांबतात, त्या वर गेल्यावर निघतात. सोनियाला मी बजावून ठेवलं होतं, त्यांच्याकडं विषय काढू नकोस, उगाच कडवटपणा येईल. आणि काकूंनी एकदा मला जिन्यात धरलं. "आप्पा रागावलेत का हो माझ्यावर? बघून न बघितल्यासारखं करतात. वाजवत पण नाहीत हल्ली." मी म्हणालो, "हात दुखतो त्यांचा. आणि ऐकायला कमी येतं, तुम्ही हाक मारली तरी कळत नाही त्यांना." "अगंबाई," त्या कळवळून म्हणाल्या, आणि एक तेलाची बाटली आणून दिली, हाताला चोळायला. ती बाटली मी गाडीच्या डिकीत ठेवली. ती अजून तिथंच आहे. आज बंद पेटीचा दहा इंची सबवूफर डिकीत ठेवताना ती आडवी झाली आणि गडगडत कोपऱ्यात गेली.

घरी येऊन मी खोकं उघडलं तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. आप्पा आपल्या खोलीत पडले होते. बुद्धभूषण यांनी सांगितलेली रीत अशी की पेटी आधी आपल्या जागी, म्हणजे सोफ्यावर, ठेवायची, गाणं लावायचं आणि आपण गुडघ्यांवर रांगत भिंतीभिंतीनं फिरायचं. जिथं खालचा आवाज भरून आणि मोकळा लागेल तिथं पेटी ठेवायची. "लाजायचं नाही साहेब. मोठमोठे लोक रांगतात," असंही त्यांनी सांगितलं होतं. सबवूफर सोफ्यावर पाहुण्यासारखा बसला, मी तेच भजन लावलं, आवाज हळू ठेवला आणि रांगायला सुरुवात केली. सोनिया दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. टीव्हीखाली आवाज पातळ होता. पुस्तकांच्या कपाटाशी नुसती भुणभुण. जेवणाच्या टेबलाखाली तर डावा हात जवळजवळ नाहीसाच झाला, नुसती उजवी टिकटिक राहिली. टेबलाखालून मान बाहेर काढली तर समोर आप्पांचे पाय. अनवाणी.

"काय हरवलं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही आप्पा. आवाज शोधतोय."

"आवाज काय खाली सांडतो व्हय?" ते म्हणाले, आणि सोनिया मोठ्यानं हसली. पण ते ऐकत होते. मान एका बाजूला कललेली, डोळे अर्धे मिटलेले. त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि सबवूफरवर तळहात ठेवला, गुराच्या पाठीवर ठेवावा तसा. दोन वर्षांत मी त्यांचा हा चेहरा बघितला नव्हता. "पोकळ लागतंय," ते म्हणाले. "ह्याचं डावं अन् टीव्हीच्या त्या बारक्या पेट्यांचं डावं एकमेकाला खातंय. एक भायेर ढकलतंय तवा दुसरं आत घेतंय. उलटं करता येतं का?" मागच्या बाजूला खरंच एक बारका खटका होता, शून्य आणि एकशेऐंशी लिहिलेला. त्याविषयी दोन महिने वाचून मला जे धड समजलं नव्हतं ते त्यांनी तळहातानं सांगितलं. मी खटका फिरवला. आवाज एकदम भरला. खिडकीत ठेवलेली वाटी शहारली. "आता बोललं," आप्पा म्हणाले. मग काठीनं बाल्कनीच्या दाराजवळचा कोपरा दाखवला. "आता तिथं जाऊन बघ."

मी रांगत तिथं गेलो. ठोका गुडघ्यांतून वर चढला, पोटात शिरला, आणि तिथं नुसता राहिला. सगळ्या घरात तेवढी एकच जागा तशी होती. ती पोत्याची जागा. म्हणजे आमच्याकडं आल्यावर त्यांनीसुद्धा घरभर फिरून ती शोधली असणार, आणि मला वाटलं होतं की म्हातारा उजेडासाठी तिथं बसतो. मी चार पायांवर तसाच राहिलो, कारण उठलो असतो तर त्यांच्याकडं बघावं लागलं असतं. आता सांगू, असं मी ठरवलं. सोनिया इथं आहे, असू दे. आता सांगून टाकू.

"बंद कर ते," आप्पा म्हणाले.

"का? चांगलं लागतंय की."

"त्यान्ला इचारलं का? खालच्या बाईन्ला? मागल्या टायमाला आपण न इचारता वाजवत राह्यलो, म्हणून त्यान्ला तरास झाला. सुरुवातीपासनं डोकं दुखलं तरी बिचाऱ्या संकोचानं बोलल्या नायत." माझं पदरचं वाक्य. त्यांनी ते शब्दाशब्दानं सांभाळून ठेवलं होतं. "मीच इचारून येतो. दोन वरसं झाली, मला बी त्यांची माफी मागायची राह्यलीय. त्वांड दाखवायला जमत नव्हतं. आता ह्या निमतानं जाऊन येतो."

"मी जातो, आप्पा," मी म्हणालो. "तू नको. थोरल्या माणसानं इचारावं," म्हणत त्यांनी काठी घेतली आणि ते निघालेसुद्धा. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दोन मजल्यांमध्ये अठरा पायऱ्या, मध्ये एक वळण. आप्पांना एक पायरी उतरायला एवढा वेळ लागतो की अठरा पायऱ्यांत मी काय काय सांगू शकलो असतो! मी त्यांच्या मागं मागं होतो. काठीचा आवाज नाही, पायांचा आवाज नाही. तिसऱ्या पायरीला मी म्हणणार होतो. पाचव्या पायरीला मी खरोखर तोंड उघडलं आणि म्हणालो, "आप्पा, चप्पल नाही घातली तुम्ही." ते मागं न बघता म्हणाले, "राहू दे." वळणावर मी थांबलो, कठडा धरून. पुढच्या नऊ पायऱ्या ते एकटे उतरले. त्यांनी धोतराचा सोगा नीट केला, टोपी सारखी केली आणि बेल दाबली.

"कोण? अगंबाई, आप्पा! या, या ना आत. हात कसा आहे?"

"आत नाय येत, बाई. इचारायला आलो व्हतो. पोरानं आवाजाची पेटी आणलीय, टीव्हीला लावायची. तुमची हरकत नसंल तर लावू, नायतर वापस करू. मागं पखवाजाचा लई तरास झाला तुम्हाला. न इचारता वाजवलं, चुकलं माझं."

"कसला त्रास?"

"डोकं दुखायचं तुमचं. तक्रार..." ते थांबले.

"मी तक्रार केली? तुमच्या पखवाजाची?" काकूंचा आवाज चढला, रागानं नाही, आश्चर्यानं. "अहो, चारला तुमची थाप पडली की मी चहा टाकायचे. एकटीच्या घरात तेवढीच जाग असायची. बंद झालं तेव्हा मीच ऋतुराजला विचारलं, तर तो म्हणाला, आप्पांचा हात दुखतो. आणि ऐकायलाही येत नाही म्हणाला. म्हणून मग मी तुम्हाला हाका मारायचं सोडलं."

मी वळणावर उभा होतो. वरच्या अंगाला आमच्या उघड्या दारातून भजन तसंच चालू होतं, ते बंद करायचं राहूनच गेलं होतं. आप्पांनी वर बघितलं नाही. मी तिथं आहे हे त्यांना ठाऊक होतं, तरी बघितलं नाही. त्यांनी आपला डावा हात उघडला, तळहाताकडं बघितलं, मिटला. मला वाटतं माझ्या सबंध आयुष्यात मी इतका वेळ कशाची वाट बघितली नसेल. हाक मारा, शिवी द्या, काहीही करा, असं माझ्या मनात चाललं होतं. मग ते बोलले, आणि तो आवाज शिऱ्याच्या ताटलीसमोरचा होता.

"व्हय. हात दुखतो. मीच म्हणलो व्हतो त्याला, सांग म्हणून. अन् ते तक्रारीचं माझ्याच डोक्यात बसलं बगा कायतरी. वय झालं. गल्लत व्हती." "असं कसं हो आप्पा," काकू म्हणत होत्या, "दोन वर्षं तुम्ही मनात धरून बसलात?" "माझंच चुकलं," आप्पा म्हणाले. "आता येत जाईन. सीताफळं आली की धाडतो." तिथवर माझ्याकडं थोडीशी जागा होती, चार पायऱ्या उतरून "काकू, मी खोटं बोललो" म्हणण्याएवढी. मी कठडा धरून उभा राहिलो. खोट्याला नाव त्यांचं लागलं, माझं नाही, याचं मला त्या क्षणी बरं वाटलं. हे मी लपवणार नाही.

वर येताना मी त्यांना हात दिला आणि त्यांनी तो घेतला. घरात आल्यावर त्यांनी सोनियाला सांगितलं, "खुशाल लावा म्हणल्या," आणि खुर्चीवर बसून धाप जाऊ दिली. मी भजन बंद केलं. सोनिया चहा टाकायला आत गेली. आप्पांनी काठी मांडीवर आडवी घेतली आणि टोकाची गाठ नखानं सोडवायला लागले. गाठ जुनी होती, सहज सुटेना. शेवटी ती सुटली, आईच्या लुगड्याची पट्टी उलगडत खाली आली, हिरवी, काठाकडं विटलेली. त्यांनी काठी उभी केली आणि फरशीवर एकदा टेकवली. ठक. त्यांनी मान कलती करून तो आवाज ऐकला, तो विरेपर्यंत. मग मी ज्या खोलीत काम करतो तिच्या बंद दाराकडं बघितलं.

"तुझी मिटिंग किती वाजता असती?" त्यांनी विचारलं.

"आज शनिवार, आप्पा. सुट्टी आहे."

"सोमवारचं इचारतो."

त्यांच्या आवाजात राग असता तर मी काहीतरी उलट बोललो असतो, माझं बरं झालं असतं. तो नव्हता. काकूंच्या डोकेदुखीविषयी जसं ते विचारायचे तसंच, काळजीनं, ते विचारत होते. "आप्पा, मी..." एवढं म्हणून झालं. ते वाट बघत होते, उत्तराची.

"साडेतीन ते साडेपाच," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. खाली वाकून पट्टी उचलली, झटकली आणि काठीच्या टोकाला परत गुंडाळायला लागले, एकावर एक, नीट, सुरकुती पडू न देता. गाठ मारायला मात्र दोन हात पुरेनात. त्यांनी पट्टीचं एक टोक माझ्यापुढं केलं.

"धर," ते म्हणाले. "वढून धर."

मी धरलं.